कॅप्सूलबाबू

माणसाला सर्दी होण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती कंपनीच्या कॉलनीत राहून होऊ नये. चिखल्याला आमच्या मँगनीज खाणीच्या कॉलनीत दोन क्वार्टरांत मिळून एकच भिंत आहे, आणि तीही कंपनीने नाइलाज म्हणून बांधल्यासारखी. मी इकडे शिंकलो की तिकडून धनीरामजींचा आवाज यायचा, "टिकारामजी, ही सातवी!" धनीरामजी खाणीच्या स्टोअरमध्ये कामाला. मोजदाद त्यांच्या रक्तातच होती.

मी टाइम ऑफिसात हजेरीबाबू. खाली उतरणारा प्रत्येक माणूस माझ्या खिडकीसमोरून जातो आणि वर आलेला प्रत्येक माणूस माझ्या खिडकीसमोरूनच परत जातो. त्यामुळे खाण माझ्यामुळे चालते असा माझा समज आहे. कंपनीचा तसा समज नाही. पण कंपनीच्या लक्षात न येणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत.

एकोणऐंशी साली पोळा झाला आणि फ्लू आला. पाळीचा प्रत्येक माणूस खिडकीत तोंड घालून नाव सांगायचा आणि नावाच्या शेवटी खोकायचा. म्हणजे मला फ्लू झाला तो ड्यूटीवर असताना, कर्तव्य बजावताना झाला, हे कृपया ध्यानात ठेवा. बाकी कोणी ठेवलं नाही.

कॉलनीच्या दवाखान्यात तेव्हा नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. वय लहान, चष्मा मोठा आणि बोलणं मोजकं. त्यांनी छातीला नळी लावली, घसा पाहिला आणि म्हणाल्या, "फ्लू आहे. घरी पडून राहा, पाणी भरपूर प्या, पेज घ्या. आठवडाभरात जाईल."

"आणि औषध?"

"ताप चढला तर ही एक गोळी. बाकी फ्लूला औषध लागत नाही."

मी जागचा हललो नाही. माझ्या पुढे ट्रॉली ढकलणारा इश्वर होता. त्याने नुसती खरूज दाखवली आणि लाल औषधाची बाटली काठोकाठ भरून नेली. मी अंगात ताप, नाकात पूर आणि डोक्यात घण घेऊन आलो होतो, आणि मला पाणी!

"बाई, एखादी कॅप्सूल तरी..."

"कॅप्सूल जिवाणूंना मारते. फ्लू विषाणूंमुळे होतो. त्यांना ती लागू पडत नाही. उगाच घेतलीत तर नुकसानच होईल."

विषाणू हा जिवाणूचा फार तर चुलतभाऊ असावा, असा मी अंदाज केला. एकाला लागणारी काठी दुसऱ्याच्या पाठीला का लागू नये, ते मला कळलं नाही. पण घसा इतका बसला होता की वाद घालता आला नाही.

घरी आलो. चंद्रकांतेने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं, "काय देल्लं बाईनं?"

"पाणी."

"मंग प्या न. नळाचं देऊ का विहिरीचं?"

हे सगळं भिंतीपलीकडे जात होतंच. धनीरामजी भिंतीतून आल्यासारखे दारात उभे राहिले. "पाणी देल्लं? अजी, पाणी तं डॉक्टर नसला तरी भेटते! तुमी हजेरीबाबू का कोन? बाबू मानसाले असं वापस धाडते का कोनी?" आणि त्यांनी वर्तमानपत्राच्या तुकड्यातली पुडी सोडली. आत लाल-काळ्या कॅप्सूल. त्यांचा कान फुटला होता तेव्हाच्या उरलेल्या. "हे तोफ आहे, टिकारामजी, तोफ! माह्या कानातला ठणका दोनच गोळ्यांत गेला. बाकीच्या वाचवून ठेवल्या. मानसानं इचार करून चालावं."

मी दोन तोफा डागल्या. संध्याकाळपर्यंत ताप तिथंच. तेवढ्यात समोरच्या ओळीतल्या पार्वताबाई आल्या. लेकीच्या बाळंतपणातल्या पिवळ्या कॅप्सूल त्यांनी साखरेच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. "लाल गरम पडते जी. तुमची प्रकृती पिवळीची आहे," असं त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहून सांगितलं. कोणाचाच अपमान नको म्हणून मी दोन पिवळ्याही घेतल्या.

इथे खरं तर प्रकरण मिटायला हवं होतं. पण रजेचा प्रश्न आला. आमच्या ऑफिसचे मोठे बाबू जागेश्वरजी नियमाला पक्के. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'फ्लू. विश्रांती घ्यावी.' जागेश्वरजींनी चिठ्ठी उलटी करून पाहिली, उजेडात धरून पाहिली. "यात औषध कोठी आहे?"

"औषध नाही जी. फ्लूला औषधच नसतं."

"औषध नाई म्हंजे आजार नाई. आजार नाई तं आजाराची रजा कशी देऊ? इथं नुस्तं विश्रांती लिहून राहिलं. विश्रांती म्हंजेच रजा. रजेसाठी रजा मी कोनत्या कलमात बसवू?"

मी परत डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि रजेपुरतं का होईना, एखादं औषध लिहा म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. शेवटी तापातच बस पकडून तुमसर गाठलं. तिथे बसस्टँडमागे एक खासगी डॉक्टर होते. त्यांनी माझी जीभ पुरती बाहेर यायच्या आत इंजेक्शन टोचलं, पांढऱ्या कॅप्सूल दिल्या आणि सर्टिफिकेटवर इतकं औषध लिहिलं की जागेश्वरजी उठून उभे राहिले. "आता कसं! हा आजार आहे!"

आठवडा झाला आणि फ्लू गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तेवढ्याच वेळात गेला, ही गोष्ट माझ्या बायकोने बोलून दाखवली. पण बायकांना योगायोग कळत नाहीत. लाल-काळीने ताप ढिला केला, पिवळीने तो हलवला आणि पांढरीने हाकलून लावला, असा स्वच्छ हिशेब मी टाइम ऑफिसात मांडला आणि तो सर्वांना पटला.

उरलेल्या कॅप्सूल मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. त्या दिवसापासून माझं आयुष्य बदललं. तोवर कॉलनीत माझ्याकडे कोणी आलंच, तर एखादी चुकलेली हजेरी लावून घ्यायला यायचं. आता लोक सल्ल्याला येऊ लागले. खोकल्याला पिवळी, अंगदुखीला लाल-काळी, दोन्ही असेल तर एक-एक. बरं वाटलं की बंद करायची आणि उरलेली मला आणून द्यायची, हा माझा दंडक. कोणी डबा रिकामा होऊ दिला नाही. तुमसरच्या बाजाराला जाणारा माणूस भाजीसोबत कॅप्सूल आणायचा. तिथे भोजराजच्या दुकानात त्या शेंगदाण्यासारख्या सुट्या मिळायच्या. भोजराज रंग विचारायचा, रोग विचारत नव्हता.

कळस झाला तो सुंदरबाईंच्या कोंबडीमुळे. सुंदरबाई आमच्या ओळीच्या टोकाला राहत. त्यांची कोंबडी मान टाकून बसली होती. मी कॅप्सूल उघडून अर्धी पूड कण्यांत कालवून दिली आणि दुसऱ्या दिवशी कोंबडीने अंडं दिलं. मी कॅप्सूलबाबू झालो. पाळीवर जाणारे लोक आता नाव सांगायच्या आधी मला जीभ दाखवू लागले. मीही खिडकीतून मान हलवायचो. स्वतःच्या तब्येतीबद्दल तर मी इतका जागरूक झालो, की जरा घसा खवखवला की एक घ्यायचो. एकदा साहेबांचा आवाज चढला तेव्हाही घेतली.

डॉक्टरीणबाईंच्या कानावर हे जाणारच होतं. एकदा रस्त्यात थांबवून म्हणाल्या, "टिकारामजी, हे बंद करा. एक दिवस खरंच गरज पडेल आणि काहीच लागू पडणार नाही." मी नम्रपणे हसलो. आपल्या धंद्यावर परिणाम झाला की माणूस असंच बोलतो, हे मला समजत होतं.

दिवाळी झाली. धान कापणीला आलं आणि सिहोऱ्याहून सासऱ्यांचा निरोप आला. सासरे यादोराव गावातले मोठे धानवाले आणि त्या वर्षीही मंडई त्यांच्याच पुढाकाराने भरत होती. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्राच. दुपारी दंडार होते, म्हणजे गावच्या लोकांचा नाच-गाण्याचा खेळ. त्या दंडारीचे प्रमुख पाहुणे म्हणून यादोरावांनी मला जाहीर केलं होतं. दुसऱ्या जावयाला, एकोडीच्या मास्तरला, हा मान आदल्या वर्षी मिळाला होता आणि तो खुर्चीत झोपी गेला होता. म्हणजे गावाच्या आशा माझ्यावर होत्या.

आणि निघायच्या दोन दिवस आधी मला गळू झालं.

कुठे झालं, हे सांगितल्याशिवाय पुढची हकिगत कळणार नाही, म्हणून सांगतो. ज्या भागावर कंपनीच्या बाबूची सगळी नोकरी उभी असते, म्हणजे बसलेली असते, त्या भागावर झालं. आधी हरभऱ्याएवढं होतं, मग बोराएवढं. मी शांतपणे डबा उघडला. लाल-काळी घेतली. मग पिवळी. मग पांढरी. गळू सुपारीएवढं झालं. मी दोन-दोन घेतल्या. गळू वाढतच गेलं.

"बाईले दाखवा," चंद्रकांता म्हणाली.

"त्या जागी? एका बाईला?"

"मंग मले तं दाखवा, लिंबूएवढं झालं का नाई ते सांगतो."

सिहोऱ्याला आम्ही बसने गेलो. मी दोन्ही बसमध्ये उभाच. तुमसरच्या पुढे बस मोकळी झाली, तेव्हा कंडक्टरला संशय आला. "बसा न बाबूजी, जागा आहे." मी म्हटलं, मला बाहेरची शेती पाहायची आहे. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला.

सासुरवाडीला पोचलो तेव्हा अंगात कणकण होती. यादोरावांनी मंडपात हेडमास्तरांची वेताची खुर्ची मागवली होती. तिच्यावर गादी, गादीवर चादर. मला लाल फेटा बांधला, गळ्यात झेंडूचा हार घातला. "बसा, जावईबापू!"

"नाही. मी उभा राहतो."

"काहून?"

"कलावंत उभे असताना मी बसणं बरं दिसत नाही."

मंडपात टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की माझ्या गळवात ठणका उठला. यादोराव गहिवरले. पंचांपैकी एक म्हातारा उठून म्हणाला, "आजपावतर लय पाहुणे आले, पन कलेचा असा मान कोनी ठेवला नाई. मागच्या खेपेले तं घोरून राहिले होते." मग पाहुणा उभा असताना आपण बसणं बरं दिसत नाही म्हणून पंच उठले, मग पहिली रांग उठली. हळूहळू सगळा गाव उभा राहिला. मागच्यांना काही दिसेना आणि मागून शिव्या ऐकू येऊ लागल्या. ढोलकी सुरू झाली, नाच्या गिरक्या घेऊ लागला, त्याच्या बरोबर मंडप फिरू लागला, सासरे फिरू लागले. सन्मानाने कोसळायचं असंही मला सुचलं होतं. पण प्रत्यक्षात मी तोंडावर पडलो, फेट्यासकट, दंडारीच्या मध्यावर. लोकांना वाटलं मी साष्टांग नमस्कार घातला. पुन्हा टाळ्या झाल्या.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या फक्त चंद्रकांतेने. ती धावत आली, कपाळाला हात लावला आणि काही बोलली नाही. लग्न झाल्यापासून ती गप्प झालेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मला गळवाची भीती वाटत नव्हती. तिच्या गप्प बसण्याची वाटली.

"तुमसरच्या दवाखान्यात नेऊ," यादोराव म्हणाले.

"नाई, बाबा. चिखल्याले. आमच्या बाईकडे. तिले सारं मालूम आहे."

धानाची पोती घेऊन एक ट्रॅक्टर तुमसरच्या राइस मिलकडे निघाला होता. मला पोत्यांवर पालथं घातलं. फेटा सोडायचं कोणाला सुचलं नाही, हार काढायचंही नाही. रस्त्यात मंडईला येणारे लोक थांबून हात जोडत होते. त्यांना कोणतीतरी मिरवणूक वाटत असावी. तुमसरला मँगनीज पोचवून रिकामा परतणारा एक ट्रक मिळाला. त्यात पालथा पडून मी चिखल्याला आलो, तेव्हा खाणीचा भोंगा नुकताच झाला होता. पाळी सुटत होती. रोज ज्यांची मी हजेरी घेतो ते सगळे ट्रकच्या दोन्ही बाजूंना उभे होते, आणि काळ्या धुळीत माखलेला, फेटा बांधलेला त्यांचा हजेरीबाबू कंबर वर करून त्यांच्यासमोरून गेला.

डॉक्टरीणबाईंनी एकच नजर टाकली. "काय काय घेतलं आहे?"

चंद्रकांतेने डबा टेबलावर उपडा केला. टेबल रंगीबेरंगी झालं. "ह्या उरलेल्या."

"या सगळ्या फ्लूसाठी?"

"फ्लूसाठी, खोकल्यासाठी, आन एकदा साहेब रागावले त्यासाठी."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चिरा दिला. त्या प्रसंगाचं वर्णन मी करणार नाही. कॉलनीने ते प्रत्यक्ष ऐकलं आहे. पू निघाला, पण ताप उतरेना. लाली वर पाठीकडे सरकू लागली. बाईंनी पू तपासायला नागपूरला पाठवला आणि मला दवाखान्यातच ठेवलं. मी पालथा पडून फरशी पाहत होतो. चंद्रकांता शेजारी स्टुलावर बसून होती. ती हळूच म्हणाली, "आयकता का? काही बोला न." मी शिंकलो. तिला रडू आलं.

नागपूरचं उत्तर आलं. लाल-काळी लागू नाही. पिवळी लागू नाही. पांढरीही लागू नाही. वेगळं इंजेक्शन लागणार होतं, आणि ते नागपूरहून येईपर्यंत बाई माझ्या खाटेजवळून हलल्या नाहीत.

पहिली काही इंजेक्शनं झाल्यावर ताप उतरला, तेव्हा मी विचारलं, "बाई, असं कसं झालं?"

"फ्लूत तुम्ही कॅप्सूल घेतल्या. फ्लूला काहीच झालं नाही, तो आपल्या वेळेला गेला. पण अंगावर आपले नेहमीचे जिवाणू असतात ना, त्यांतले दुबळे मेले आणि चिवट तेवढे उरले. पुन्हा फ्लूसारखं वाटलं, पुन्हा दोन घेतल्या. पुन्हा चिवट उरले. असं करत करत तुम्ही त्यांची जातच तयार केलीत. गळवात आता तेच बसले आहेत."

'बसले आहेत' हा शब्द मला झोंबला. तिथे बसायचा हक्क माझा होता.

"आणि ते तुमच्याच अंगावर राहतील असंही नाही. कॉलनी एकाच नळावर हात धुते."

मी बरा झालो, पण चाल गेली. गळू एका बाजूला आणि इंजेक्शनं दुसऱ्या बाजूला. त्यामुळे दोन्ही पायांत एकमत नव्हतं. पाय फाकवून, एकेक पाऊल चाचपत मी टाइम ऑफिसात गेलो आणि सगळ्यांना गोळा करून खरं काय ते सांगितलं. विषाणू वेगळे, जिवाणू वेगळे. फ्लूला कॅप्सूल नाही. बाईंनी दिली तर पुरी घ्यायची, नाही दिली तर मागायची नाही. सगळे गंभीरपणे ऐकत होते. मला वाटलं, आपण शेवटी काहीतरी कामाचं केलं.

संक्रांतीच्या थंडीत पुन्हा फ्लू आला. सकाळी दवाखान्यासमोर रांग लागली, फाटकापर्यंत. सगळ्यांत पुढे धनीरामजी.

"बाई, कॅप्सूल नको," ते म्हणाले. "टिकारामजीनं सांगतलं, कॅप्सूल आता बेकार झाल्या. आमाले ते नागपूरवालं इंजेक्शन पायजे."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी मला टाइम ऑफिसातून बोलावून घेतलं. मला वाटलं भाषण करायचं आहे. मी घसा साफ केला.

"बोलू नका," बाई म्हणाल्या. "फक्त फाटकापर्यंत चालून या."

मी चाललो. पाय फाकवून, एक हात कमरेवर, चेहऱ्यावर शक्य तेवढी प्रतिष्ठा ठेवून. रांग वळून पाहत होती. सुंदरबाईंनी पदर तोंडाला लावला. "ह्या इंजेक्शनानं असं होते का वो बाई?"

"इंजेक्शन, गळू, चिरा, सगळ्यांनी मिळून," बाई म्हणाल्या. "फ्लूला यातलं काहीच लागत नाही. घरी पडून राहिलात तर तुम्ही तसेच बरे व्हाल."

रांग पातळ झाली. धनीरामजी जाताना म्हणाले, "मंग पेज घेतो." त्या थंडीत चिखल्यात कोणी फ्लूसाठी काही मागितलं नाही. जिवाणू-विषाणू कोणाच्या लक्षात राहिले नव्हते. माझी चाल राहिली होती.

पुढच्या वर्षी पोळा झाला, फ्लू आला आणि रांगही आली. मला बोलावणं आलं. मी फाटकापर्यंत चालून आलो, आणि माझ्या लक्षात यायच्या आधी रांगेच्या लक्षात आलं. मी सरळ चालत होतो.

"पाहा जी, कसे ठणठणीत झाले!" पार्वताबाई म्हणाल्या. "मले दोन इंजेक्शनं द्या."

रांग पुढे रेटू लागली. डॉक्टरीणबाई माझ्याजवळ आल्या आणि खाली पाहत, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "टिकारामजी, थोडं लंगडता येईल का?"

मी कंपनीचा हजेरीबाबू. शेकडो माणसं माझ्यासमोरून खाणीत उतरतात. सिहोऱ्यात माझ्यामुळे अख्खा गाव उभा राहिला होता. समोर नळावर घागर भरता भरता चंद्रकांता थांबली होती आणि मी काय करतो ते पाहत होती.

मी एक हात कमरेवर ठेवला, मान ताठ केली आणि फाटकापर्यंत लंगडत गेलो.